दाट पेज, पातळ पेज : डहाणू-तलासरीच्या मडक्यातला इतिहास

१/२२
डहाणू म्हटले की चिकू आठवतो आणि तलासरी म्हटले की १९४५ चा वारली उठाव. आज या दोन तालुक्यांच्या इतिहासाकडे जरा वेगळ्या जागेवरून पाहू : चुलीवरच्या पेजेच्या मडक्यातून. पेज दाट का होते, पातळ का होते आणि तिच्या दाटपणाचा एखाद्या लेकराच्या वाढीशी काय संबंध, हा या धाग्याचा विषय आहे. वरवर पाहता प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. पण त्याच्या मागे चालत गेलो की जंगल कायदा लागतो, खावटीची सावकारी लागते, एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ भेटतो आणि शेवटी अंगणवाडीतले आहाराचे पाकीटही हाती येते.

२/२२
मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. पातळ पेज दोन प्रकारची असते. एक, पीठ अपुरे आणि पाणी जास्त म्हणून पातळ. दुसरी, पीठ भरपूर असूनही त्यात मोड आलेल्या धान्याचे पीठ मिसळले म्हणून पातळ. वाटीत पाहिले तर दोन्ही सारख्याच वाटतात. पोटात गेल्यावर मात्र पहिली भूक फसवते आणि दुसरी भूक भागवते. या पट्ट्याने पहिली पेज पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली. दुसरीचे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले, आणि तरीही ती सरकारी आहाराच्या केंद्रस्थानी आली नाही. असे का झाले, ते क्रमाने पाहू.

३/२२
प्रथम ‘थिजणे’ म्हणजे काय ते समजून घेऊ. डहाणूच्या बाजारात उन्हाळ्यात ताडगोळा मिळतो. त्याचा लुसलुशीत गर ही निसर्गाने तयार केलेली जेलीच आहे. त्यातल्या लांब शर्करासाखळ्या पाणी धरून ठेवतात. आइस्क्रीमला दाटपणा देणारा, गवारीच्या बियांतून काढलेला गवार गम याच कुळातला. खरवस थिजतो तो निराळ्या कारणाने : नुकत्याच व्यायलेल्या गाई-म्हशीच्या चिकात प्रथिने भरपूर असतात आणि ती उष्णतेने एकमेकांत गुंततात. उकड आणि पेज यांचा दाटपणा तिसऱ्या जातीचा. तो येतो धान्यातल्या पिष्टातून, म्हणजे स्टार्चमधून. पदार्थ वेगळे, घटक वेगळे. पण काम एकच, पाण्याला जाळ्यात अडकवणे.

४/२२
धान्याच्या पिठात पिष्टाचे अतिसूक्ष्म कण असतात. थंड पाण्यात ते नुसते तळाशी बसतात. पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की हे कण पाणी शोषून कित्येक पट फुगतात आणि त्यांच्यातल्या काही लांब साखळ्या बाहेर सुटतात. फुगलेले कण एकमेकांना खेटतात, मोकळे पाणी उरत नाही आणि पेज ‘धरते’. पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर आधी फुगून आतले पीठ कोरडे राहते. हीच गुठळी. आपल्या आज्या पीठ आधी थंड पाण्यात कालवून मग आधणात सोडत आल्या, त्यामागे हेच कारण आहे.

५/२२
गोष्ट इथे संपत नाही. पेज निवली की बाहेर सुटलेल्या साखळ्या पुन्हा जवळ येतात, एकमेकींना बिलगतात आणि मडक्यात जवळजवळ वडी पडते. आणखी काही तासांनी कडेला पाणी सुटते. सकाळची ओघळणारी पेज दुपारी चमच्याने कापावी लागते, ती यामुळेच. म्हणजे पेजेचा दाटपणा केवळ पिठाच्या मापावर ठरत नाही. धान्य कोणते, ते भिजवले की भाजले, किती तापवले, किती वेळ निवू दिले, या साऱ्यांवर तो ठरतो. हे लक्षात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

६/२२
या डोंगरपट्ट्यातले नाचणीचे घरगुती नाव नागली. खाचरातला भात हे सखल जमिनीचे पीक, तर नागली आणि वरई ही उताराच्या वरकस जमिनीची. वरकस जमीन हलकी, म्हणून राब भाजण्याची पद्धत होती : झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण वाफ्यावर पसरून जाळायचे आणि त्या राखेत रोपे धरायची. म्हणजेच पेजेतल्या पिठाचे मूळ थेट जंगलात होते. फांद्या तोडण्याचा हक्क गेला की राब गेला, राब गेला की रोप गेले आणि रोप गेले की मडके रिकामे. शेती आणि जंगल यांच्यात इथे कुंपण नव्हतेच.

७/२२
ते कुंपण इंग्रजांनी घातले. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगले वेगळी काढली आणि रहिवाशांचे वहिवाटीचे हक्क ‘सवलती’ ठरवले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावर एवढा असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्याच्यापुढच्या प्रमुख तक्रारींपैकी एक होता. वनखात्याच्या लेखी तो लाकडाच्या नासाडीचा प्रश्न होता. शेतकऱ्याच्या लेखी तो पुढच्या वर्षीच्या नागलीचा होता. एकाच फांदीकडे पाहणाऱ्या या दोन नजरांमधली दरी पुढे अनेक दशके मिटली नाही.

८/२२
वारली समाजाच्या लेखी धान्य ही नुसती वस्तू नव्हे. कणसरी ही त्यांची धान्यदेवता, कणसात वसणारी. तिची गाथा गायली जाते आणि नवे धान्य आल्यावर तिचा मान आधी ठेवला जातो. कणसरी रुसून घरातून निघून जाणे म्हणजे उपासमार, हा भाव त्या परंपरेत खोलवर रुजलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक साधी गोष्ट कळते : ज्या समाजाने धान्याला देवत्व दिले, त्याला त्याचे मोल अभावातून कळलेले असते. कणगी वर्षभर भरलेली राहील याची खात्री या डोंगरावर क्वचितच कुणाला होती.

९/२२
अभावाचे दिवस म्हणजे पावसाळा. जुने धान्य संपलेले, नवे अजून शेतात. या काळात जंगलातले कंद आधाराला येत. त्यांतला कडुकंद तसाच खाल्ला तर बाधतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, उकडायच्या आणि मग वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढून टाकायचा. कंदातले विषारी द्रव्य पाण्याबरोबर निघून जाते, पिष्ट मात्र राहते. प्रयोगशाळेच्या भाषेत याला निक्षालन म्हणता येईल. आज अन्नप्रक्रिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो. पण अन्नाचा पोत आणि गुण प्रक्रियेने बदलता येतो, हे ज्ञान ओढ्याकाठच्या बायकांकडे फार आधीपासून होते.

१०/२२
कंदांनी भागले नाही की जमीनदाराच्या दारात जावे लागे. पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेले उसने धान्य म्हणजे खावटी. हंगामानंतर ती वाढीव मापाने फेडायची. फेड पुरी झाली नाही की कर्ज चढायचे, आणि कर्ज चढले की वेठ मागे लागायची. लग्नासाठी कर्ज काढणारे जोडपे सावकाराकडे लग्नगडी म्हणून बांधले जाई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांची पाहणी करणाऱ्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात ही वेठ आणि जमीनदारांची जुलूमशाही स्पष्ट शब्दांत नोंदवली. खावटी मोजून मिळे, पावसाळा मात्र मोजून येत नसे. मग पीठ तेवढेच ठेवून पाणी वाढवायचे, एवढाच मार्ग घरच्या बाईकडे उरे.

११/२२
या परिस्थितीला तोंड फुटले १९४५ मध्ये. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ न करण्याचा निर्धार झाला. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. लढा मजुरीचा होता, आणि मजुरीचा अर्थ होता मडक्यात पडणारे पीठ.

१२/२२
या इतिहासाने पेजेच्या पोताला एक सामाजिक अर्थ चिकटवला. दाट म्हणजे सुबत्ता, पातळ म्हणजे टंचाई. मराठीतही तो अर्थ मुरला आहे. ‘पेजेला महाग’ असणे म्हणजे दारिद्र्याची शेवटची पायरी. ‘डाळीत पाणी’ म्हटले की परिस्थिती वेगळी सांगावी लागत नाही. ज्या घराने पाणी घालून दिवस काढले, त्या घरात लेकराला दाट भरवणे हा आईच्या मायेचा आणि अभिमानाचा भाग होणारच. त्यात गैर काही नाही. पण अगदी लहान मुलाच्या बाबतीत हे समीकरण अपुरे पडते. का, ते समजण्यासाठी थोडे युरोपात जाऊ.

१३/२२
१८६५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तान्ह्या मुलांसाठी एक ‘सूप’ सुचवले. त्यात गव्हाचे पीठ आणि गाईचे दूध होते, आणि सोबत माल्टचे पीठ, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचे पीठ. माल्टमुळे पिष्टाचे विघटन होऊन मिश्रण पातळ आणि गोडसर होई. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, आन्री नेस्ले यांनी दूध आणि गव्हाच्या पिठाचा बालआहार बाजारात आणला. १८७३ मध्ये हॉर्लिक बंधूंनी शिकागोत माल्टयुक्त आहाराची कंपनी काढली. आज फळीवर दिसणाऱ्या बालआहाराच्या डब्यांचा वंश इथे सुरू होतो. कृत्रिमरीत्या जुळवलेल्या अन्नाचा पहिला मोठा प्रश्न चवीचा नव्हता. पीठ असूनही पातळ कसे ठेवायचे, हा होता.

१४/२२
यामागचे शास्त्र असे. बी अंकुरू लागले की साठवलेले पिष्ट रोपाला वापरता यावे म्हणून त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या कात्रीसारखे कापते. तुकडे आखूड झाले की ते पाणी अडवू शकत नाहीत आणि निवल्यावर पुन्हा जाळेही विणू शकत नाहीत. म्हणून मोडाच्या पिठाची पेज थंड झाल्यावरही ओघळती राहते. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये सुरू झाली. तिथे एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देसिकाचार यांनी भरडधान्यांच्या माल्टवर सविस्तर काम केले. त्यात दिसले की मोड आणल्यावर नागलीत हे विकर इतर भरडधान्यांच्या तुलनेत भरपूर तयार होते. डोंगरावरचे गरिबाचे धान्य या कामात सरस ठरले.

१५/२२
येथे एका शब्दाची गफलत दूर करायला हवी. ‘नाचणीचे सत्व’ या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी उलट गोष्टी मोडतात. एक : नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवायचा. हे जवळजवळ शुद्ध पिष्ट. ते पेज घट्ट करते आणि त्याची वडीही थापता येते. पण विकरे गाळणीच्या पाण्याबरोबर जातात आणि कॅल्शियमचा मोठा वाटा ज्यात असतो तो कोंडा फडक्यात राहतो. दोन : नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकेच दळायचे. हे माल्ट, आणि ते पेज पातळ करते. नाव एक, धान्य एक, परिणाम मात्र विरुद्ध. फरक फक्त प्रक्रियेचा.

१६/२२
आता थोडा हिशेब. लहान मुलाच्या जठराची क्षमता त्याच्या वजनाच्या दर किलोला सुमारे ३० ग्रॅम धरतात. ८ किलोचे मूल म्हणजे एका वेळी २४० ग्रॅम. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३२० किलोकॅलरी असतात. पेजेत १० टक्के पीठ असेल तर २४० ग्रॅममधून मिळतात ७७ किलोकॅलरी, तीन वेळांत २३१. आईचे दूध पिणाऱ्या ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे ३०० लागतात. पोट भरले, पण गरज भागली नाही. पीठ २० टक्के केले तर तीन वेळांत ४६० मिळतील, पण ती पेज राहत नाही, गोळा होतो आणि बाळाला गिळवत नाही. त्यातच थोडे मोडाचे पीठ घातले की हाच गोळा पुन्हा ओघळतो. उष्मांक तेवढेच राहतात, फक्त जाळे तुटते.

१७/२२
हा हिशेब १९८० च्या दशकात जगभर चर्चेत होता. टांझानियात ए. सी. मोशा आणि उल्फ स्वानबर्ग यांनी १९८३ मध्ये मोडाच्या ज्वारीच्या पिठाने दाट लापशी पातळ करता येते हे दाखवले. तिथे अशा पिठाला ‘ताकदीचे पीठ’ म्हणू लागले. त्याच दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी घरगुती माल्टवर अभ्यास केले. पिठाच्या सुमारे ४ टक्के, म्हणजे चिमूटभर मोडाचे पीठ पुरते, असे त्यांना आढळले. डहाणू रोड स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग थेट बडोद्याला पोहोचतो. ज्ञान एका रेल्वेच्या अंतरावर होते.

१८/२२
दरम्यान सरकारी पोषणयंत्रणा उभी राहिली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. तरीही १९९२-९३ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण हा शब्द तेव्हापासून या पट्ट्याच्या नावाला जोडला गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला हा वारसाही आला. कारणे अनेक होती : रोजगार, स्थलांतर, लहान वयातली बाळंतपणे, आजार, दूरचे दवाखाने. पेजेचा पोत हे त्यांतले एकच, पण रोज तीनदा समोर येणारे कारण.

१९/२२
२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या मूळ परिशिष्टात ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या बालकासाठी घरपोच आहाराचे माप दिले आहे : ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. कुपोषित बालकासाठी ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. तक्त्यात उष्मांक आहेत, प्रथिने आहेत. शिजवल्यावर ते अन्न किती घट्ट होईल आणि एवढेसे जठर ते किती घेऊ शकेल, याचा रकाना नाही. महाराष्ट्रात घरपोच आहार शिरा, उपमा, सुकडी अशा तयार मिश्रणांच्या पाकिटांतून दिला गेला. पाकिटावरचा आकडा पाकिटाचा असतो. बाळाच्या पोटात किती गेले, ते वाटीतल्या पोतावर ठरते.

२०/२२
कारखान्यातली प्रक्रिया इथे निर्णायक ठरते. पीठ कोरडे भाजले की चव खुलते, ते टिकते आणि काही अंशी कमी फुगते. पण मोडाचे पीठ खरपूस भाजले तर विकरच मरते. दाब आणि उष्णता देऊन यंत्रातून पीठ दाबून काढले की पिष्ट आधीच शिजते. जोर जास्त असेल तर साखळ्या तुटून पेज पातळ होते, बेताचा असेल तर पीठ थंड पाण्यातही लगेच दाट होते. एकच कच्चा माल, दोन पोत. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी अतिकुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याचा उपचारात्मक लगदा तयार केला, तेव्हा त्यांनी पाणीच वगळले. पाणी नाही म्हणून पिष्ट फुगत नाही आणि जंतूही वाढत नाहीत. १०० ग्रॅममध्ये ५२० ते ५५० किलोकॅलरी मावतात. ते औषध आहे, रोजचे जेवण नव्हे, हा भेद मात्र सुटता कामा नये.

२१/२२
अन्न कोणी शिजवायचे, हा प्रश्नही याच इतिहासाचा भाग. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असा आदेश दिला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. त्यात एक वेळचे गरम, ताजे जेवण द्यायचे ठरले. ‘ताजे’ या शब्दात पोताचे शास्त्र दडलेले आहे. तलासरी-डहाणूतल्या अनेक स्त्रिया पहाटे वापी, उंबरगाव किंवा बोईसर-तारापूरकडे कामाला निघतात. सकाळी शिजवलेली पेज दुपारपर्यंत थिजते. घरी असलेली मोठी बहीण किंवा आजी ती भरवण्याजोगी करण्यासाठी पाणी ओतते, आणि १० टक्क्यांची पेज ६-७ टक्क्यांवर येते. कुणाचीही चूक नसताना खावटीच्या काळातली पेज पुन्हा वाटीत येते.

२२/२२
मोडाचे पीठ या दुपारवर उपाय आहे, कारण त्याची पेज थिजत नाही. कृती साधी : नागली रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, बुरशी येऊ न देता बारीक मोड आणायचे, उन्हात वाळवायचे, दळायचे, पण खरपूस भाजायचे नाही. हे पीठ साध्या पिठाबरोबर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर सावकाश तापवायचे, म्हणजे उकळी येण्याआधी विकराला काम करायला वेळ मिळतो. मग नीट उकळायचे. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत मात्र केवळ आईचे दूध. त्यानंतरही एकटी नागली पुरत नाही. वर्षानंतर वरच्या अन्नातून रोज सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. तेल, शेंगदाणा, डाळ आणि अंडे यांना पर्याय नाही, आणि ती विकत घेण्यासाठी पुऱ्या मजुरीला तर नाहीच. १९४५ मध्ये झरीला जमलेल्यांना हे कोणत्याही तक्त्याविना ठाऊक होते. म्हणून यापुढे कुणाच्या वाटीत पातळ पेज दिसली तर एकच प्रश्न विचारावा : ही पाण्याने पातळ झाली आहे की मोडांनी?

धागा समाप्त. आपल्या घरी, आपल्या गावी पेज, आंबील किंवा सत्व कसे करत आणि त्यांना काय म्हणत, ते अवश्य लिहा. कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नसलेला इतिहास बहुधा तिथेच असतो.